खेळातून बोलाकडे : प्रस्तावना

मराठी घरात मूल जन्माला आले की त्याच्यासाठी येणाऱ्या भेटींमध्ये नाद करणाऱ्या वस्तूंचा मान फार जुना आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी आणि दुपटी यांच्याबरोबर खुळखुळा येतो, बारशाला घुंगरांचे वाळे येतात, पाळण्यावर कापडी चिमण्या टांगल्या जातात, आणि मूल धरून धरून उभे राहू लागले की घरातल्या वडीलधाऱ्यांना पांगुळगाड्याची आठवण होते. या वस्तू कोणी शास्त्र पाहून ठरवलेल्या नाहीत. तरीही त्यांच्यात एक गुण समान आढळतो, तो असा की त्यांतील एकही वस्तू आपण होऊन काही करत नाही. खुळखुळा हलवायला हात लागतो, चिमण्यांना झोका द्यायला कोणी तरी लागते, पांगुळगाड्यापुढे हात पसरून बसणारे माणूस लागते, आणि असे माणूस जवळ आले की ते सहसा गप्प राहत नाही. अर्भकाच्या भाषाविकासात खेळण्याचे जे मोल आहे ते बहुतांशी या जवळ येऊन बोलणाऱ्या माणसामुळे आहे, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असून खेळ, भेटवस्तू आणि भाषा यांचा विचार पुढील प्रकरणांत याच दृष्टीने केलेला आहे.

‘भाषाविकास’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. मूल पहिला शब्द केव्हा बोलते याकडे घरादाराचे लक्ष असते आणि शेजारच्या मुलाशी होणारी तुलनाही त्यावरूनच होते. परंतु तो शब्द उमटण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर भाषेचे काम आतल्या आत चालू असते. ऐकलेले ओळखणे आणि समजणे ही भाषेची एक बाजू, तिला ग्रहण म्हणतात. आवाज, हावभाव किंवा शब्द यांतून स्वतः काही कळवणे ही दुसरी बाजू, तिला अभिव्यक्ती म्हणतात. ग्रहण नेहमीच अभिव्यक्तीच्या पुढे चालते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन दिवसांच्या आतल्या नवजात बालकांना एक चोखणी देऊन, ती विशिष्ट लयीत चोखल्यास आईचा आवाज आणि दुसऱ्या लयीत चोखल्यास परक्या स्त्रीचा आवाज ऐकू येईल अशी योजना केली होती, तेव्हा बालकांनी आपली चोखण्याची लय आईचा आवाज मिळेल अशी बदलून घेतली. गर्भात असतानाच या आवाजाची ओळख झालेली असते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे दोन-तीन महिन्यांत हुंकार येतात, सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या दरम्यान व्यंजन आणि स्वर जोडून ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू होते, वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो आणि दुसरे वर्ष सरेपर्यंत बहुतेक मुले दोन शब्द जोडू लागतात. हे टप्पे ढोबळ आहेत. एकाच आईची दोन मुले त्यांत काही महिन्यांच्या अंतराने पुढेमागे असू शकतात.

या मूक वर्षात मूल नेमके काय शिकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतीय भाषांच्या वर्णमालेतच आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील अर्भकांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांच्या जोड्या ऐकवल्या. दंत्य म्हणजे जीभ दातांना टेकवून आणि मूर्धन्य म्हणजे जीभ टाळूकडे वळवून केलेला उच्चार. इंग्रजीत हा भेद अर्थ बदलत नाही, म्हणून इंग्रजी भाषक प्रौढांना तो सहज ऐकू येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुसंख्य अर्भकांनी मात्र हा भेद ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या वयात तो ओळखणारी मुले फार थोडी उरली होती, आणि हिंदी भाषक घरांतील त्याच वयाची मुले तो बिनचूक ओळखत होती. ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांतील भेद मराठी मूल अशाच रीतीने, स्वतः त्यांतले काहीही उच्चारता येण्यापूर्वी, कानाने पक्के करत असते. जगातल्या बहुविध ध्वनींना खुले असलेले कान पहिल्या वाढदिवसापर्यंत घरच्या भाषेकडे वळतात. ‘अजून बोलत नाही, तर त्याच्याशी बोलून काय उपयोग’ असे म्हणून ज्या महिन्यांत मुलाशी बोलणे टाळले जाते, नेमके तेच महिने या कामाचे असतात.

मग कानावर भाषा पडत राहिली म्हणजे पुरे, दूरचित्रवाणी किंवा मोबाइल लावून ठेवला तरी चालेल, असा निष्कर्ष कोणी काढील, आणि काढलाही जातो. त्याला उत्तर देणारा प्रयोग पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या अमेरिकन अर्भकांपैकी काहींबरोबर चिनी मंदारिन बोलणारी माणसे जमिनीवर बसून चार आठवड्यांत बारा वेळा खेळली. त्यांनी मुलांपुढे खेळणी हलवली, पुस्तके उघडली आणि ती मुलांकडे पाहून बोलली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे, त्याच खेळण्यांसह केलेले चित्रीकरण पडद्यावर दाखवले गेले. पहिल्या गटातील मुलांनी मंदारिनमधील ध्वनिभेद चांगला आत्मसात केला. पडद्यापुढे बसलेल्या मुलांना काहीच लाभ झाला नव्हता. शब्द, आवाज आणि खेळणी दोन्हीकडे सारखीच होती. पडद्यावरचे माणूस मुलाच्या नजरेकडे, हुंकाराकडे, हात पुढे करण्याकडे लक्ष देऊन त्याप्रमाणे थांबू किंवा बोलू शकत नव्हते, हा फरक होता. जूडी डीलोश यांनी २०१० मध्ये बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चित्रफितीची घरीच चार आठवडे परीक्षा घेतली, तेव्हा ती पाहणारी मुले न पाहणाऱ्यांपेक्षा अधिक शब्द शिकली नाहीत. सर्वाधिक शब्द शिकली ती चित्रफीत न पाहता आईवडिलांकडून रोजच्या व्यवहारात तेच शब्द ऐकणारी मुले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले आहे, त्यामागे बैठेपणा आणि झोप यांचीही कारणे आहेत. भाषेच्या बाजूने पाहिले तरी त्या सल्ल्याला जोड देणारा पुरावा पुरेसा आहे. जेवण भरवताना हातात मोबाइल देण्याची जी सवय आज सर्व थरांतील घरांत रुजली आहे, तिच्यामुळे दिवसातल्या सर्वांत अधिक बोलण्याच्या वेळेवरच पाणी पडते, ही खेदाची गोष्ट आहे.

मुलाशी बोलायचे ते कोणत्या भाषेत, हा प्रश्न मराठी सुशिक्षित घरांत वारंवार निघतो. ‘मुलाशी बोबडे बोलू नये, नाही तर तेही बोबडेच बोलते’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः मोठ्या माणसांनी तान्ह्या मुलांशी बोलण्याची एक स्वतंत्र, नियमबद्ध शैली मराठीत आहे आणि तिचा भाषाशास्त्रीय अभ्यासही जुना आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली तेव्हा त्या सहांत मराठीचा समावेश होता. ‘मंमं’, ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘चिऊ’, ‘काऊ’, ‘बाऊ’, ‘भुर्र’, ‘गाईगाई’ अशा शब्दांत अक्षरांची पुनरुक्ती असते, ओठांनी सहज होणारे ध्वनी पुष्कळ असतात आणि नाव बहुधा त्या प्राण्याच्या किंवा कृतीच्या आवाजावरून आलेले असते, त्यामुळे शब्द आणि वस्तू यांचे नाते मुलाला लवकर उमगते. त्याबरोबर आवाज उंचावतो, वाक्ये आखूड होतात, स्वर लांबतात आणि महत्त्वाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठळकपणे येतो. अशा बोलण्याकडे अर्भके अधिक लक्ष देतात हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे, आणि अखंड ओघातून एकेक शब्द वेगळा काढण्याचे अवघड काम त्यामुळे सोपे होते. मुलाच्या चुकीच्या उच्चाराची नक्कल करणे ही गोष्ट निराळी. तिची गरज नाही. मूल ‘भूभू’ म्हणाले की ‘हो, भूभू आला, काळा कुत्रा आला’ असे म्हणणारी आजी बाळबोलीतून प्रौढ बोलीकडे जाणारी पायरी आपसूक बांधत असते, आणि तिला कोणी अडवू नये.

खेळाकडे वळताना प्रथम विचार करायला हवा तो बुवाकुकचा, कारण त्यात वस्तू जवळजवळ लागत नाही आणि भाषेची बहुतेक सर्व अंगे असतात. आई पदर किंवा दुपटे तोंडावर घेते, ‘बुवाऽऽ’ असा लांबवलेला सूर लावते, क्षणभर थांबते आणि पदर बाजूला करून ‘कुक!’ म्हणते, मूल हसते, आणि मग आई थांबून त्याच्याकडे पाहते. या थांबण्यात मूल पाय हलवते, हुंकार देते किंवा नुसते टक लावते, आणि तोच त्याच्या वाट्याचा डाव समजून आई पुन्हा पदर ओढते. आळीपाळीने बोलणे, म्हणजे एकाने बोलावे तेव्हा दुसऱ्याने ऐकावे आणि नंतर भूमिका बदलाव्यात, हा सर्व संभाषणाचा पाया येथे शब्दांशिवाय घातला जातो. जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकारी नॅन्सी रॅटनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, लपणे आणि पुन्हा प्रकट होणे यांवर आधारलेल्या अशाच खेळांत काही महिन्यांच्या काळात मुलाची भूमिका कशी पालटत गेली याचा बारकाईने मागोवा घेतला आहे. आरंभी लपणारे, उघडणारे आणि बोलणारे मोठे माणूसच असते, पुढे मूल पदर ओढू पाहते, नंतर ‘कुक’च्या जागी स्वतःचा काही तरी आवाज ठरल्या वेळी घालते, आणि अखेर स्वतःच दुपट्याखाली जाऊन दुसऱ्याने शोधण्याची वाट पाहते. खेळाचा साचा ठरलेला असल्यामुळे पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते, आणि म्हणूनच त्यात आपली भर घालण्याचे धैर्य त्याला होते. मोठ्या माणसाने प्रारंभी बहुतेक भार उचलावा आणि मुलाला जितके पेलेल तितका तो हळूहळू त्याच्याकडे सोपवावा, या रीतीला ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतीच्या परांचीचे नाव दिले आहे. बांधकाम उभे राहीपर्यंत बाहेरून दिलेला आणि नंतर काढून घ्यायचा आधार, असा त्याचा आशय आहे. तळहातावर बोट टेकवून पक्ष्याला दाणे टिपायला बोलावण्याचा, बोटांना एकेक करून मिटवण्याचा आणि मग काखेपर्यंत गुदगुल्या करत जाण्याचा मराठी खेळ याच साच्याचा आहे. त्याच्या शेवटी येणाऱ्या गुदगुल्यांची वाट पाहताना मूल आधीच अंग आखडून घेते, तेव्हा खेळातल्या गाण्याच्या कोणत्या शब्दानंतर काय घडणार याचे त्याचे ज्ञान उघड होते. तो शब्द त्याला ‘येतो’ असे म्हणायला हरकत नाही, जरी त्याच्या तोंडून तो निघायला अजून बरेच महिने असतील.

नवव्या महिन्याच्या सुमारास मुलाच्या लक्ष देण्यात एक मोठा बदल होतो. त्यापूर्वी ते एक तर माणसाकडे पाहते किंवा वस्तूकडे. आता ते वस्तूकडे पाहून माणसाकडे वळते आणि माणूसही तिकडेच पाहत आहे का याची खात्री करून घेते. या अवस्थेला सहअवधान म्हणतात, म्हणजे दोघांचे लक्ष जाणूनबुजून एकाच गोष्टीवर असणे. थोड्याच दिवसांत बोटाने दाखवणे सुरू होते, आणि भाषेच्या दृष्टीने हा हावभाव पहिल्या शब्दाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे; जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, मुले ज्या गोष्टी आधी हावभावाने दाखवतात त्यांचीच नावे पुष्कळदा पुढे शब्दांत येतात. सहअवधानाचा व्यवहारातला धडा फार साधा आहे आणि तो पाळणे मात्र कठीण आहे. मायकेल टोमासेलो आणि मायकेल जेफ्री फरार यांनी १९८६ मध्ये असे दाखवले की मुलाचे लक्ष आधीच जिथे आहे त्या वस्तूचे नाव घेतले तर ते शब्द मुले अधिक शिकतात, आणि लक्ष दुसरीकडे वळवून नाव सांगितले तर कमी. समजा मामाने भाचीसाठी शहरातून रंगीत मोटार आणली आणि भाची त्या मोटारीच्या खोक्याचे झाकण उघडण्या-मिटण्यात गुंतली. अशा वेळी घरातली सर्व माणसे तिच्या डोळ्यांपुढे मोटार नाचवून ‘गाडी बघ, गाडी’ असे म्हणत राहतात. भाषेचा क्षण त्या झाकणात असतो. ‘उघडलं! मिटलं! आत काय आहे? काहीच नाही!’ असे तिच्या हातांच्या गतीने म्हणणारा मामा तिला त्या बैठकीत क्रियापदे, प्रश्न आणि नकार असे तिन्ही देऊन जातो. मोटारीची वेळ नंतर येतेच.

मूल चालू लागले की हा व्यवहार आणखी वेग घेतो. लाना कारासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की रांगणारी मुले बहुधा बसल्या जागेवरून वस्तू दाखवतात, तर चालणारी मुले ती उचलून आईपर्यंत नेतात, आणि अशा रीतीने वस्तू घेऊन आलेल्या मुलाला आया ‘उघड’, ‘ठेव’, ‘दादाला दे’ अशी कृतीची वाक्ये अधिक बोलतात. पांगुळगाड्यावर चमचा ठेवून तो स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत ढकलत नेणारे मूल प्रत्येक फेरीला कोणाकडून तरी एक वाक्य मिळवत असते. चाकांच्या चौकटीत मुलाला बसवून सोडणारा आधुनिक वॉकर हा पांगुळगाडा नव्हे. तो घसरून पायऱ्यांवरून मुले पडल्यामुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि भेट म्हणून तो देऊ नये.

भेटवस्तूंचा प्रश्न येथे आपोआपच उभा राहतो. आजच्या बाजारात बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला द्यायच्या खेळण्यांपैकी पुष्कळ खेळणी बटण दाबताच बोलतात, गातात, दिवे लावतात आणि खोक्यावर ‘शैक्षणिक’ अशी ग्वाही देतात. अ‍ॅना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांची मुले आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातील बोलणे ध्वनिमुद्रित केले गेले. आवाज करणाऱ्या विजेच्या खेळण्यांशी खेळताना मोठी माणसे मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलली, लाकडी ठोकळे आणि तशाच साध्या खेळण्यांशी खेळताना सुमारे ५६, आणि पुस्तके पाहताना सुमारे ६७. मुलांचे आवाज आणि दोघांतील देवाणघेवाणही बोलक्या खेळण्यांच्या वेळी घटली. संख्या लहान आहे आणि एका देशातली आहे, हे खरे. पण कारण समजण्यासारखे आहे, कारण खेळणे बोलू लागले की माणूस गप्प बसतो आणि खेळण्याला मुलाचे ऐकू येत नाही. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे, तो असा की ही खेळणी बहुधा इंग्रजीत बोलतात, आणि ज्या महिन्यांत मुलाचे कान घरच्या ध्वनींसाठी तयार होत असतात त्या महिन्यांत घरच्या माणसांचा आवाज बाजूला सारून परक्या उच्चारातली रंगांची आणि अंकांची नावे त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा वाजत राहतात. खेळण्यांची संख्याही विचारात घ्यावी लागते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांपुढे सोळा खेळणी ठेवली तेव्हापेक्षा चार ठेवली तेव्हा त्यांचा खेळ एकेका वस्तूशी अधिक वेळ टिकला आणि अधिक विविध झाला. वाढदिवसाच्या भेटींचा ढीग एकदम न उघडता थोडी खेळणी बाहेर ठेवून बाकीची कपाटात टाकणे आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करणे, ही यावर सोपी तोड आहे.

चांगल्या भेटीच्या कसोटीसाठी एक प्रश्न पुरेसा ठरतो : ही वस्तू मुलाच्या हातात आल्यावर शेजारी बसलेल्या माणसाला बोलण्यासाठी जागा उरते का? सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यानपिढ्या घडवली जाणारी लाकडी फळे आणि खेळणी या कसोटीला उतरतात, कारण लाकडी आंबा मुलाच्या हातात काहीच सांगत नाही आणि म्हणून त्याबद्दल घरातल्या चार माणसांना चार गोष्टी सांगता येतात; घेताना रंग शिसेविरहित आहे आणि टवका उडत नाही एवढे मात्र पाहावे. एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणाचे डबे, कापडी चेंडू, रंगीत दुपटे आणि जाड पानांचे चित्रपुस्तक यांच्याही बाबतीत हेच म्हणता येते. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्थांनी आणि माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांनी बालपुस्तकांत मोलाची कामगिरी केली आहे. पण अगदी वर्षाच्या आतल्या, पाने चावणाऱ्या वाचकासाठी मराठीतली जाड पुठ्ठ्याची आणि कापडी पुस्तके आजही गरजेच्या मानाने थोडी आहेत, आणि प्रकाशकांनी याकडे लक्ष देणे निकडीचे आहे. तोवर घरच्या माणसांची छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून केलेली वही हे तान्ह्या मुलासाठी उत्तम पुस्तक ठरते : त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याला हाक मारायचे नाते असते, आणि ‘ही आत्या, हे आबा’ असे म्हणताना एकच पान रोज नव्याने वाचता येते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगितले तरी ते सांगितलेच पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तोंडात पूर्ण मावेल असा कोणताही सुटा भाग तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. बोलक्या खेळण्यांतील बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या मुलाने गिळल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतात. तशी शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

या सर्व विवेचनाचा रोख खर्चिक वस्तूंच्या विरुद्ध आहे असे कोणाला वाटले, तर ते खोटे नाही. महाराष्ट्राच्या बालशिक्षणात ही दृष्टी जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परदेशी साहित्याच्या जागी खडे, शिंपले, पाने, फुले आणि बिया आणून त्यांनी हे दाखवून दिले की शिक्षणाची साधने गावात, अंगणात आणि समुद्रकिनाऱ्यावर पडलेली असतात. त्यांच्यापुढची मुले येथे विचारात घेतलेल्या वयापेक्षा मोठी होती, आणि तान्ह्या मुलाच्या हाती खडे-बिया देणे धोक्याचेच. परंतु वस्तू गावची, भाषा घरची आणि शिकवणारे माणूस जवळचे, हा त्यांचा आग्रह पहिल्या दोन वर्षांनाही तितकाच लागू पडतो. जिथे आईवडील दिवसभर कामाला जातात आणि मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर वाढते, तिथे त्या बहिणीला दोन खेळ आणि चार गाणी शिकवणारी अंगणवाडीताई त्या घराला कोणत्याही खेळण्यापेक्षा मोठी भेट देते.

घरच्या भाषेबद्दलही एक भीती दूर करायला हवी. मेळघाटातील कोरकू घर, गडचिरोलीतील गोंडी घर, कोकणी आणि मराठी दोन्ही बोलणारे गोव्यातील घर, किंवा आईवडील मराठी आणि पाळणाघर इंग्रजी अशा परदेशातील घरात मूल दोन भाषांत वाढते, तेव्हा त्याचा ‘गोंधळ होईल’ म्हणून एक भाषा, आणि ती बहुधा घरचीच, सोडून देण्याचा सल्ला मिळतो. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. एकाच भाषेतले मोजले तर ते मागे पडल्यासारखे दिसते आणि पालक विनाकारण घाबरतात. प्रत्येक माणसाने मुलाशी त्या भाषेत बोलावे ज्या भाषेत त्याला लाडिक बोलता येते, रागावता येते आणि गाता येते. परदेशातील नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आजीआजोबांना यातून एक दिलासाही मिळतो. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, नवी क्रियापदे मुले समोरच्या माणसाकडून शिकली आणि व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष प्रतिसाद देणाऱ्या माणसाकडूनही शिकली. मुद्रित चित्रफितीतून मात्र शिकली नाहीत. पुण्यात बसलेल्या आजीने पडद्यावर पदर ओढून बुवाकुक केले आणि न्यू जर्सीतल्या नातीच्या हसण्यासाठी ती थांबली, तर ते आंधळेपणाने पडदा पाहणे होत नाही.

एवढे सारे करूनही काही मुले उशिरा बोलतात, आणि तिथे घरातली समजूत आड येते. ‘याचा मामाही तीन वर्षांनी बोलला’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशी आश्वासने प्रेमाने दिली जातात आणि त्यांत मौल्यवान महिने जातात. बारा महिन्यांपर्यंत अक्षरांची बडबड नाही किंवा बोटाने दाखवणे, हात हलवणे असे हावभाव नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत आपण होऊन जोडलेले दोन शब्द नाहीत, अथवा कोणत्याही वयात आलेले बोलणे किंवा हावभाव नाहीसे झाले, तर तपासणी करून घ्यायची असते. पहिली तपासणी श्रवणाची. पाठीमागून खुळखुळा वाजवून घरी घेतलेली परीक्षा भरवशाची नसते, कारण मूल सावली पाहून किंवा हालचाल जाणवून वळू शकते आणि अर्धवट ऐकू येणारे मूलही मोठ्या आवाजाला प्रतिसाद देते. कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाकडून येणारा सूक्ष्म प्रतिसाद नोंदवणारी, मुळीच न दुखणारी चाचणी जन्मानंतर लगेच करता येते. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, असा क्रम जगभर मान्य आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था या क्षेत्रात काम करते, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात व गरज पडल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

श्रवणयंत्र लागलेल्या किंवा मुळीच न ऐकू येणाऱ्या मुलासाठी खेळाचे महत्त्व कमी होत नाही. लॉरा अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये खुणांची भाषा बोलणाऱ्या आईवडिलांच्या बधिर अर्भकांचे निरीक्षण केले, तेव्हा ऐकणारी मुले ज्या वयात अक्षरांची बडबड करतात त्याच वयात ही मुले हातांनी, खुणांच्या घटकांची तशीच पुनरावृत्ती करत बडबडत होती. भाषेची भूक आवाजापेक्षा खोल आहे, आणि आळीपाळीने खेळण्याची, समोरच्याच्या नजरेने वस्तू पाहण्याची व आपल्या हालचालीला उत्तर मिळण्याची गरज या मुलांनाही तितकीच असते. त्यांच्यासाठी भेट निवडताना नाद करणारा खुळखुळा बाजूला ठेवून ठळक रंगांचे दुपटे, पोत वेगळे असलेले कापडी तुकडे आणि चेहऱ्यांच्या चित्रांची वही निवडावी, खेळताना तोंडावर पुरेसा उजेड पडेल असे समोर बसावे, आणि बोलण्याबरोबर हातांनी खुणाही कराव्यात. या विषयाला ग्रंथाचे शेवटचे प्रकरण वाहिलेले आहे.